लेझीमच्या सरावासाठी नॉनस्टॉप मिक्सची ऑडिओ सीडी: मंगळवार पेठेतलं एक प्रकरण

मंगळवार पेठेतल्या एका तालमीचं लेझीम पथक गणेशोत्सवाच्या आधी संध्याकाळी सराव करतं. हलगी-घुमकं-कैताळ वाजवणारी मंडळी रोज मोकळी नसतात, म्हणून सरावापुरता एका तरुण डीजेकडून नॉनस्टॉप मिक्स करून घेतला होता. चौदा गाणी, मधूनमधून हलगीचे लूप (परत परत वाजणारे तुकडे), आणि सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत १२८ बीपीएमवर, म्हणजे मिनिटाला १२८ ठोक्यांवर बांधलेलं. दर दोन ठोक्यांना एक पाऊल आणि सोळा पावलांचा एक फेर, असा हिशेब.

तालमीच्या हॉलमध्ये जुना अँप्लिफायर आहे आणि त्याला सीडी प्लेअर जोडलेला आहे. त्याला यूएसबी नाही, एमपीथ्रीची डेटा सीडीही तो वाचत नाही. मोबाईल जोडून पाहिला, पण ऐन फेरात फोन यायचा आणि गाणं थांबायचं. शिवाय वस्तादांना रिमोटवर सातचं बटण दाबलं की सातवं गाणंच लागायला हवं होतं; तासाभराच्या सलग फाईलमध्ये बोटानं जागा शोधत बसणं सरावात परवडत नाही. त्यामुळे ऑडिओ सीडी हाच मार्ग उरला, आणि तिच्या अटी दोन: गाण्याला नंबर हवा आणि दोन गाण्यांमध्ये एक क्षणही खंड नको.

पहिली सीडी तयार झाली तेव्हा यातली पहिली अट पूर्ण झाली आणि दुसरी मोडली. वस्तादांची तक्रार अशी: "अरं, मधनंच गाणं तुटतंय बघ. पोरांची पावलं चुकायल्यात."

पहिली सीडी कशी मारली होती

डीजेच्या लॅपटॉपवर मिक्सची मूळ फाईल वेव्ह प्रकारची होती: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, लांबी ८३ मिनिटे १२ सेकंद. पाठवायला सोपी म्हणून तिचीच ३२० केबीपीएसची एमपीथ्रीही केलेली होती. सीडीसाठी त्याने ही एमपीथ्री घेतली, चौदा तुकडे केले आणि नेहमीच्या बर्निंग प्रोग्रॅममध्ये टाकले. प्रोग्रॅमने 'मावत नाही' म्हटल्यावर शेवटचं गाणं काढून टाकलं. बाकी सेटिंग जशा होत्या तशा ठेवल्या.

दोन गाण्यांमध्ये दोन सेकंदांची शांतता आली ती या तयार सेटिंगमुळे. प्रोग्रॅम ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीने लिहीत होता. त्या पद्धतीत एक ट्रॅक लिहून झाला की लेझर बंद होतो, पुढच्या ट्रॅकसाठी परत चालू होतो, आणि मधे दोन सेकंदांची रिकामी जागा सुटते. सुटी गाणी भरताना कोणाच्या लक्षातही येत नाही. मिक्समध्ये मात्र १२८ बीपीएमला एक ठोका ४६८.७५ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे दोन सेकंदांत चार ठोके आणि वर पाव ठोक्याहून थोडं जास्त जातं. चार ठोकेच गेले असते तर पथकाने मनात मोजून पाऊल सावरलं असतं. वरच्या पाव ठोक्याने गाणं परत सुरू होतं तेच मापाबाहेर.

यावर डीजेने गॅप शून्य करून दुसरी सीडी काढली. शांतता गेली, पण प्रत्येक जोडावर 'टिक' ऐकू येऊ लागलं आणि ठोका किंचित अडखळू लागला. इथेच बहुतेक जण हात टेकतात आणि दोष प्लेअरवर ढकलतात. प्लेअरचा यात काही संबंध नव्हता.

टिक कुठून येतं

दोन वेगळी कारणं आहेत आणि इथे दोन्ही एकत्र आली होती.

पहिलं एमपीथ्रीचं. एमपीथ्री आवाज ११५२ सॅम्पलच्या चौकटींमध्ये बांधते (सॅम्पल म्हणजे आवाजाचं एका क्षणाचं मोजमाप). ४४.१ किलोहर्ट्झला एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची होते. तुकडा जिथे संपतो तिथे शेवटची चौकट अपुरी राहिली तर ती शांततेने भरली जाते. सुरुवातीलाही एमपीथ्री बनवणारा एन्कोडर आपल्या कामासाठी काही सॅम्पल पुढे ढकलतो. त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना मूळ मिक्समध्ये नसलेली शांतता चिकटते. तुकडे एकामागोमाग कितीही घट्ट लावले तरी ती आतच असते.

दुसरं कारण सीडीचं. ऑडिओ सीडीचा एक सेकंद ७५ फ्रेममध्ये विभागलेला असतो आणि एका फ्रेममध्ये डाव्या-उजव्या बाजूची ५८८ सॅम्पल बसतात. ट्रॅक फ्रेमच्या मधूनच सुरू होऊ शकत नाही. तुकड्याची लांबी ५८८ च्या पटीत नसेल तर प्रोग्रॅम उरलेली जागा शून्यांनी भरतो. ही भर जास्तीत जास्त १३ मिलिसेकंदांची असते. ऐकताना ती शांतता वाटत नाही. चालू आवाज एकदम शून्यावर येऊन परत वर उसळतो, म्हणून कानाला टिक लागतं. मूळ वेव्ह फाईल कापली असती तरी हा दुसरा दोष राहिलाच असता, जर कापायच्या जागा फ्रेमच्या सीमेवर नसत्या.

म्हणून मिक्स कापायचाच नाही. मिक्स ही एक सलग फाईल, आणि गाण्यांचे नंबर म्हणजे त्या सलग रस्त्याकडेला रोवलेले मैलाचे दगड. सीडीची रचनाही याला अनुकूल आहे. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो हे डिस्कच्या सुरुवातीच्या यादीत नोंदलेलं असतं, आवाज मात्र एकाच सलग सर्पिल रेघेत लिहिलेला असतो. ही सोय वापरायला डिस्क-ॲट-वन्स पद्धत, म्हणजे सगळी डिस्क एका दमात लिहिणं, आणि कोणतं गाणं कुठे सुरू होतं ते सांगणारी क्यू शीट नावाची साधी मजकूर फाईल लागते. तिसरी सीडी अशीच केली.

आधी लांबीचा प्रश्न

८० मिनिटांच्या सीडीवर प्रत्यक्षात साधारण ७९ मिनिटे ५७ सेकंद आवाज बसतो. वेष्टनावर ७०० एमबी लिहिलेलं असतं, त्यामुळे ८००-८५० एमबीची वेव्ह फाईल पाहून 'ही बसणार नाही' असा समज होतो. तो चुकीचा आहे. डेटा सीडीत प्रत्येक फ्रेमचे २०४८ बाइट माहितीला आणि उरलेले चूक पकडायला, दुरुस्त करायला आणि ओळखखुणांना जातात. ऑडिओ सीडीत सगळे २३५२ बाइट आवाजालाच मिळतात. त्यामुळे इथे एमबी बघायचे नाहीत, मिनिटं बघायची.

८३:१२ बसत नाही हे मात्र खरं. ९० किंवा ९९ मिनिटांच्या डिस्कचा विचार सोडून द्यावा. त्या मापात बसवायला रेघा ठरलेल्या मर्यादेपेक्षा जवळ आखाव्या लागतात, आणि जुन्या प्लेअरना नेमकी हीच डिस्क जड जाते. सगळा मिक्स वेगात वाजवून बसवायचं म्हटलं तर ८३:१२ चं ७९:३० करायला साडेचार टक्क्यांहून जास्त वेग लागतो. आवाज जवळजवळ अर्धस्वर चढतो आणि गायकाचा गळा वेगळाच वाटू लागतो. शिवाय सरावाचा वेग बदलतो, म्हणजे मूळ हेतूच गेला.

उरलं कापणं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला ३८ सेकंदांचं साऊंड चेक आणि शेवटी २२ सेकंदांची शांतता होती; एक मिनिट तिथेच निघालं. आणखी तीन मिनिटं हलगीच्या लूपमधून काढली, कारण तिथे तेच वाजत राहतं आणि काढलेलं जाणवत नाही.

हे कापणं ४८ किलोहर्ट्झच्या मूळ फाईलवरच करावं, ४४.१ ला बदलल्यानंतर नाही. १२८ बीपीएमला ४८ किलोहर्ट्झमध्ये एक ठोका बरोबर २२,५०० सॅम्पलचा आणि चार ठोक्यांचा एक बार ९०,००० सॅम्पलचा येतो. ३२ बार म्हणजे २८,८०,००० सॅम्पल, म्हणजेच एक मिनिट. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये निवडीची लांबी सॅम्पलमध्ये दाखवायची सोय आहे. निवडीची सुरुवात ठोक्याच्या टोकावर ठेवायची, लांबीच्या चौकटीत हा आकडा टाकायचा आणि डिलीट करायचं. ४४.१ मध्ये तोच ठोका २०,६७१.८७५ सॅम्पलचा होतो. पूर्णांक मिळत नाही आणि मोजून कापता येत नाही. तीन ठिकाणी ३२-३२ बार काढले. ३२ बारमध्ये १२८ ठोके, म्हणजे ६४ पावलं, म्हणजे पुरते चार फेर. त्यामुळे पथकाच्या मोजणीलाही धक्का लागला नाही. प्रत्येक जोडावर दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड दिला, म्हणजे एक आवाज उतरत असताना दुसरा चढवला. मिक्स उरला ७९ मिनिटे १२ सेकंद.

हा हिशेब तेव्हाच चालतो जेव्हा मिक्स करताना सॉफ्टवेअरचा सिंक (गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारी सोय) चालू होता आणि वेग खरोखर स्थिर आहे. हाताने पिच सांभाळून वाजवलेला मिक्स असेल तर आकड्यांवर विसंबू नये. तरंगाकृती मोठी करून दोन्ही टोकांचे ठोके डोळ्यांनी जुळवावे लागतात.

४८ वरून ४४.१, २४ वरून १६

ऑडिओ सीडीचं माप ठरलेलं आहे: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलेलं हे मानक आजही तसंच आहे.

ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक केल्यावर जो 'रेट' दिसतो, तो बदलणं म्हणजे रूपांतर नव्हे. तिथे ४८००० चे ४४१०० केले तर तीच सॅम्पल हळू वाजतात. वेग आठ टक्क्यांहून जास्त उतरतो, १२८ चे ११७.६ बीपीएम होतात आणि आवाज जवळपास दीड अर्धस्वर खाली जातो. मिक्स 'झोपलेला' वाटतोय अशी तक्रार आली की आधी हे तपासावं. बरोबर रीत म्हणजे ट्रॅक्स मेनूतलं 'रिसॅम्पल' वापरणं, किंवा प्रोजेक्टचा दर ४४१०० ठेवून फाईल काढणं.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधी कापणं, मग रिसॅम्पल, मग आवाजाची पातळी, आणि सगळ्यात शेवटी १६ बिट. रिसॅम्पल करताना शिखरं थोडी वर जाऊ शकतात, म्हणून पातळी त्याच्यानंतर लावायची. या फाईलची सर्वांत उंच शिखरं उणे पाच डेसिबलच्या आसपास होती. रेकॉर्डिंग लाल दिव्यात गेलं नव्हतं, हे डीजेचं काम चांगलं झालं होतं. नॉर्मलाईझ करून कमाल शिखर उणे एक डेसिबलवर आणलं. हे पूर्ण फाईलवर एकदाच करायचं. गाण्यागाण्याला वेगळं नॉर्मलाईझ केलं, किंवा बर्निंग प्रोग्रॅममधला 'आवाज सारखा करा' हा पर्याय चालू राहिला, तर दोन गाणी जिथे एकमेकांत मिसळतात नेमक्या तिथे पातळीची पायरी पडते. १६ बिटला आणताना डिथर, म्हणजे आकडे तोडल्याने येणारा दोष झाकणारी अगदी बारीक खरखर, चालू ठेवावा.

निघालेली फाईल ८३.८ कोटी बाइटची होती, बरोबर ३,५६,४०० फ्रेम.

दगड कुठे रोवायचे

हा भाग कानाचा आहे. एक गाणं दुसऱ्यात विरघळायला सोळा बार लागले असतील तर 'नवं गाणं' नक्की कुठे सुरू झालं? या प्रकरणात खूण जिथे पुढच्या गाण्याचा बेस येतो आणि आधीच्याचा जातो त्या पहिल्या ठोक्याशी लावली. पुढचं गाणं नुसतं डोकावतं तिथे खूण लावली तर सात नंबर दाबल्यावर अर्धा मिनिट सहावंच ऐकू येतं. गाणं सुरू झाल्यावर पहिल्या शब्दाशी लावली तर पथकाला पवित्रा घ्यायला वेळ मिळत नाही.

खूण अगदी ठोक्यावर न ठेवता सात-आठ फ्रेम, म्हणजे सुमारे एक दशांश सेकंद आधी ठेवावी. नंबर दाबून उडी मारल्यावर बरेच प्लेअर सुरुवातीचा क्षण गिळतात आणि मग पहिलाच ठोका कापला जातो. सलग वाजताना या आगाऊ खुणेचा आवाजावर काहीच परिणाम होत नाही, कारण तिथे काही कापलेलं नाही.

खुणा लावताना तयार झालेली ४४.१ ची फाईल ऑडॅसिटीत नव्याने उघडावी. खालच्या पट्टीत वेळेचं माप सीडीच्या ७५ फ्रेमचं निवडावं आणि 'स्नॅप' चालू करावं. मग कर्सर फक्त फ्रेमच्या सीमेवरच बसतो. कंट्रोल आणि बी दाबून लेबल टाकायचं आणि गाण्याचं नाव लिहायचं. चौदाही लेबलं झाली की ती मजकूर फाईल म्हणून बाहेर काढायची. तिच्यात वेळा सेकंदांत आणि दशांशात येतात. ४०२.५०६६६७ असं असेल तर ४०२ सेकंद म्हणजे ६ मिनिटे ४२ सेकंद, आणि .५०६६६७ ला ७५ ने गुणलं की ३८ फ्रेम. क्यू शीटमध्ये ही वेळ ०६:४२:३८ अशी जाते.

क्यू शीट नोटपॅडमध्ये लिहिता येते. पहिल्या ओळीत वेव्ह फाईलचं नाव अवतरणचिन्हांत आणि तिचा प्रकार. पुढे प्रत्येक गाण्यासाठी ट्रॅकचा दोन आकडी नंबर, 'ऑडिओ' हा प्रकार, गाण्याचं नाव, आणि 'इंडेक्स ०१' पुढे वेळ. आज्ञा रोमन लिपीतल्या मोठ्या अक्षरांत. पहिल्या ट्रॅकचा इंडेक्स ००:००:००. डिस्कच्या सुरुवातीला लागणारी दोन सेकंदांची मोकळी जागा बर्निंग प्रोग्रॅम स्वतः सोडतो.

क्यू शीट उघडत नसेल तर बहुधा पुढच्यापैकी एक झालेलं असतं. तिसरा आकडा शंभरावा भाग समजून ७५ किंवा त्यापेक्षा मोठा लिहिलेला असतो. तो ७४ च्या पुढे जाऊच शकत नाही. तासाच्या पुढची वेळ तास धरून लिहिलेली असते. इथे तास नसतात, ७२ मिनिटं म्हणजे ७२ च. नोटपॅडने फाईलच्या नावाच्या शेवटी आपलं .txt हे शेपूट जोडलेलं असतं. किंवा वर्ड-प्रोसेसरने सरळ अवतरणचिन्हं वाकडी करून ठेवलेली असतात. गाण्यांची नावं प्लेअरच्या पडद्यावर दिसायला हवी असतील तर तीही रोमन अक्षरांत लिहावी, सीडी-टेक्स्टच्या मानकात देवनागरीची सोय नाही.

डिस्क आणि लेखन

डिस्क सीडी-आर घ्यावी, पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको. आरडब्ल्यूचा पृष्ठभाग प्रकाश फार कमी परतवतो आणि जुन्या प्लेअरच्या लेझरला तो पुरत नाही.

विंडोजवर इमगबर्नमध्ये 'इमेज डिस्कवर लिहा' निवडून वेव्ह फाईल नाही, क्यू फाईल उघडायची. लिनक्सवर के३बी किंवा सीडीआरडाओ हेच काम करतात. वेग १६ एक्स ठेवला. सर्वांत कमी वेग म्हणजे सर्वांत चांगली सीडी हा सल्ला जुन्या काळातला आहे. आजच्या ५२ एक्सच्या डिस्कवरचा रंगद्रव्याचा थर जलद लेखनासाठी घडवलेला असतो आणि ४ एक्सला तो कधीकधी उलट खराब लिहिला जातो. १६ ते २४ ही जागा बरी. लॅपटॉपचा बाहेरचा रायटर थेट यूएसबी पोर्टला लावावा, हबला नको. वीज कमी पडली तर लेझर लेखनाच्या मधेच डगमगतो. शेवटी डिस्क बंद म्हणजे फायनलाईझ झालीच पाहिजे, नाहीतर घरगुती प्लेअर तिला ओळखत नाही.

तपासणी दोन तऱ्हांनी केली. प्रत्येक खुणेच्या दहा सेकंद आधी जाऊन गाणं खुणेवरून सलग वाहू दिलं. नंबर दाबून थेट खुणेवर उडी मारली तर जोड ऐकूच येत नाही, आणि तपासणी झाल्याचं खोटं समाधान मिळतं. मग पूर्ण सीडी एका फाईलमध्ये परत काढून ऑडॅसिटीत मूळ फाईलच्या खाली ठेवली, सुरुवात सॅम्पलपर्यंत जुळवली, एकीची तरंगाकृती उलटी (वरची खाली) केली आणि दोन्ही मिसळल्या; सारख्या असतील तर त्या एकमेकींना खोडून टाकतात. शांतता उरली, म्हणजे बिट न बिट तोच. सुरुवात थोड्या सॅम्पलनी पुढेमागे दिसते. तो ड्राइव्हचा स्वभाव आहे, दोष नाही.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. तोल जातो आणि ओलसर हवेत कडा सुटतात. नाव मऊ टोकाच्या सीडी-मार्करने मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावं. पुढच्या प्रती डिस्कवरून न काढता वेव्ह आणि क्यू या जोडीवरूनच काढाव्यात, आणि ही जोडी पेन-ड्राइव्ह आणि आणखी एका ठिकाणी जपून ठेवावी. गाण्यांचे हक्क कंपन्यांचे आणि गीतकार-संगीतकारांचे असतात, त्यामुळे अशा सीडीच्या प्रती काढून विकणं किंवा वाटणं १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली परवानगीशिवाय चालत नाही. तालमीसाठी एक चालती आणि एक जादा, एवढ्याच काढल्या.

एक गरज उरली

सीडी सलग वाजू लागल्यावर वस्तादांची पुढची मागणी आली. सातव्या गाण्यातला हलगीचा चार मिनिटांचा तुकडा पोरांकडून घोटून घ्यायचा, म्हणजे तोच परत परत हवा. प्लेअरच्या रिपीट बटणाने हे होत नाही. ट्रॅक संपला की लेझर मागे जाऊन सुरुवात शोधतो, त्यात सेकंदभर जातो आणि मोजणी पुन्हा तुटते. कितीही चांगली सीडी मारली तरी यावर डिस्कच्या बाजूने इलाज नाही.

त्यासाठी वेगळी सरावाची सीडी केली. तुकडा १२८ बारचा, ४८ किलोहर्ट्झमध्ये १,१५,२०,००० सॅम्पल. तो पहिल्या ठोक्यापासून मोजून उचलला, ऑडॅसिटीच्या 'रिपीट' इफेक्टने आणखी पाच वेळा पुढे जोडला आणि प्रत्येक सुरुवातीला खूण लावली. असे तीन तुकडे, प्रत्येकी सहा वेळा: ७२ मिनिटे, १८ ट्रॅक. तुकड्याच्या टोकाला घुमणारा आवाज असेल तर जोडावर तो तुटल्यासारखा वाटतो, म्हणून निवड हलगीच्या कोरड्या ठोक्यांवरच करावी आणि मोठ्या इको-रिव्हर्बचा भाग टाळावा. पाऊल बसलं की वस्ताद पुढच्या तुकड्याचा पहिला नंबर दाबून तिकडे जातात. पहिल्या तुकड्याचे नंबर १ ते ६, दुसऱ्याचे ७ ते १२, तिसऱ्याचे १३ ते १८. हे सीडीच्या पाकिटावर ठळक लिहून ठेवलं आहे.